रिपोर्ट नॉर्मल, तरी हृदय धोक्यात: बायकांनी लिपिड प्रोफाइल कसं वाचावं

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी छोटी लॅब आहे. रोजचे कितीतरी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचे रिपोर्ट, माझ्या सहीनं बाहेर पडतात. त्यातलाच एक माझ्या मावशीचा होता. वय ५६. एकूण कोलेस्टेरॉल १९६, आणि शेजारच्या रकान्यात छापलेलं, '२०० पेक्षा कमी असावे'. मावशीनं विचारलं, "कसं आहे गं?" मी म्हटलं, "दोनशेच्या आत आहे, थोडं गोड कमी कर." तिनं कागदाची घडी घातली आणि साड्यांच्या कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सारली.

चौदा महिन्यांनी एका पहाटे तिच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, भरून आलं. मळमळ, दरदरून घाम. घरच्यांना वाटलं पित्त झालंय. जवळच्या दवाखान्यातही पित्ताचंच इंजेक्शन मिळालं, ईसीजी काढलाच नाही. दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर कळलं की हार्ट अटॅक आहे. मावशी वाचली, स्टेंट पडला. तिला भेटून आल्यावर मी तो घडी घातलेला कागद काढून पुन्हा वाचला. मशिनचं काही चुकलं नव्हतं. आकडे अचूक होते. वाचणारी चुकली होती, आणि ती मीच.

तेव्हापासून प्रत्येक बाईचा रिपोर्ट मी ज्या क्रमानं वाचते, तो इथे सविस्तर लिहिते आहे. औषध ठरवायला डॉक्टर हवेतच. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी आपल्याला आपला कागद वाचता आला, तर दहा मिनिटांच्या भेटीत बरंच काही साधतं.

आधी रक्त नीट द्या

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं, २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलबद्दल सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात पहिली लिपिड तपासणी वयाच्या १८ व्या वर्षी करावी असं म्हटलं आहे. आपल्याकडे काय होतं? नवऱ्याची तपासणी विम्यासाठी नाहीतर कंपनीच्या वार्षिक चाचणीत होऊन जाते. बाईची पहिली तपासणी, निदान माझ्या लॅबमध्ये तरी, बहुतेकदा गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी होते. तोवर चाळिशी उलटलेली असते.

पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी येण्याची गरज नाही, हेही त्याच सूचनांमध्ये आहे. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) थोडं वाढतं, बाकी आकड्यांत मोठा फरक पडत नाही. मात्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघालं किंवा आधीपासूनच वाढलेलं असेल, तर दहा-बारा तास उपाशी राहून पुन्हा रक्त द्यावं. साधं पाणी चालतं, चहा नाही.

नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा, वरी आणि बटाट्यावर काढून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणीला येऊ नका. घरचं लग्न उरकून लगेचही नको. नेहमीसारखं जेवणखाण असलेला साधा आठवडा निवडा. मोठा ताप, ऑपरेशन किंवा हॉस्पिटलची भरती झाली असेल, तर काही आठवडे थांबा, कारण आजारपणात कोलेस्टेरॉल खोटं खाली जातं. गरोदरपणात उलटं होतं. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही आपोआप चढतात, ते शरीराचं कामच असतं. तेव्हाचा आकडा बघून घाबरू नये. बाळंतपणानंतर निदान तीन महिन्यांनी तपासावं. पाळी लांबवायच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, स्टेरॉइड यांपैकी काही चालू असेल तर लॅबमध्ये सांगा, आम्ही रिपोर्टवर नोंद करतो.

शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये जा. खाणंपिणं, औषध, काहीही न बदलता एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, आज १११ आणि पंधरा दिवसांनी १०३ येऊ शकतं. ट्रायग्लिसराइड तर त्याहून जास्त हेलकावे खातं. पाच-दहा आकड्यांच्या फरकावरून आनंद किंवा काळजी करू नये.

कागद समोर घ्या, आणि एक वजाबाकी करा

मावशीचाच रिपोर्ट घेऊ. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. एचडीएल म्हणजे 'चांगलं' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, आणि व्हीएलडीएल म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांमधलं.

एकूण कोलेस्टेरॉल १९६
एचडीएल ४३
ट्रायग्लिसराइड २१०
व्हीएलडीएल ४२
एलडीएल १११

यातला फक्त ट्रायग्लिसराइडचा आकडा ठळक छापला होता. एचडीएलच्या पुढे '४० ते ६०' अशी मर्यादा, म्हणून ४३ साधा. एलडीएलच्या पुढे '१३० पर्यंत', म्हणून १११ ही साधा.

आता पेन घ्या. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. १९६ वजा ४३, म्हणजे १५३. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीच्या भिंतीत शिरून साचू शकणारं जेवढं कोलेस्टेरॉल रक्तात फिरतंय, ते सगळं या एका आकड्यात येतं. एलडीएलमधलं, व्हीएलडीएलमधलं, आणि ज्यांची नावंही रिपोर्टवर छापली जात नाहीत अशा कणांमधलंही. कमीत कमी धोका असलेल्या माणसाचंसुद्धा नॉन-एचडीएल १३० च्या खाली असावं. मावशीचं १५३ होतं. दोनशेच्या आतल्या त्या १९६ मागे हे लपलेलं होतं. वजाबाकीला अर्धं मिनिट लागत नाही, आणि मी ती केली नव्हती.

एलडीएलवरच का थांबू नये, तेही सांगते. बहुतेक लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, गणितानं काढतात. हे सूत्र १९७२ पासून वापरात आहे, फ्रीडवाल्डचं सूत्र म्हणून ते ओळखलं जातं. ट्रायग्लिसराइडला पाचानं भागायचं की व्हीएलडीएल मिळतं (२१० भागिले ५, म्हणजे ४२). एकूणमधून एचडीएल आणि हे ४२ वजा केले की एलडीएल. सूत्र चांगलं आहे, पण ट्रायग्लिसराइड जसजसं वाढतं तसतसं ते एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागतं, आणि ४०० च्या पुढे वापरायचंच नाही. आपल्या बायकांमध्ये ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी ही जोडी फार आढळते. म्हणजे सूत्र जिथे लंगडं पडतं, नेमक्या तिथेच आपण उभ्या असतो. नॉन-एचडीएलला ही अडचण येत नाही.

एचडीएलची मर्यादाही पाहा. ४० ची रेघ पुरुषांसाठी आहे. बाईचं एचडीएल ५० च्या खाली असेल तर ते कमी समजतात. पाळी चालू असताना बाईचं एचडीएल पुरुषापेक्षा जास्त असणं हे नैसर्गिक आहे, म्हणून रेघही वेगळी. कित्येक रिपोर्टवर बाई-पुरुष दोघांसाठी एकच मर्यादा छापलेली असते. माझ्या लॅबमध्येही होती. आता मी सॉफ्टवेअरमध्ये बदलून घेतली आहे. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या मोठ्या भारतीय पाहणीत महाराष्ट्र होता. २०१४ मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षांत तपासलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं. त्यामुळे "आमच्यात सगळ्यांचंच कमी असतं" हे खरं आहे. पण सगळ्यांचं असतं म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

एचडीएलला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात, त्यामुळे ते वाढवायची गोळी मागायला लोक येतात. तशा गोळ्या करून पाहिल्या गेल्या. टोर्सेट्रॅपिब नावाच्या औषधानं एचडीएल भरपूर वाढलं, पण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले, आणि २००६ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. एचडीएल कमी असणं ही एक खूण आहे. पोट सुटलंय, साखर चढू लागलीय, चालणं नाही, तंबाखू आहे, यांतलं काहीतरी ती सांगते. आणि ज्यांचं एचडीएल ७०-८० आहे त्यांनीही "माझं चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे" म्हणून वाढलेल्या एलडीएलकडे काणाडोळा करू नये.

ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावं. ५०० च्या पुढे गेलं तर हृदयाच्या आधी स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तेव्हा त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत.

परदेशात राहणाऱ्या मुलीचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो आणि आकडे '५.१', '१.३' असे दिसतात. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटर हे माप वापरतात. कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ नं गुणा, ट्रायग्लिसराइडच्या आकड्याला ८८.६ नं. ५.१ म्हणजे साधारण १९७.

मर्यादा रिपोर्टवरची नव्हे, आपली

छापील मर्यादा सगळ्यांना एकच असते. प्रत्यक्षात किती हवं, हे त्या बाईला धोका किती आहे यावर ठरतं. २०२४ च्या त्या भारतीय सूचनांप्रमाणे धोका कमी असेल तर एलडीएल १०० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर एलडीएल ७० च्या आणि नॉन-एचडीएल १०० च्या खाली. अटॅक, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत भरून येणं), पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर ५५ आणि ८५. मावशीला सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू होती. तिला हवं होतं १०० च्या खालचं नॉन-एचडीएल, आणि होतं १५३.

एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त निघालं तर ते खाण्यापिण्याचं म्हणून सोडू नका. आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असू शकतं. दर अडीचशे-तीनशे माणसांत एकाला ते असतं. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याशी पिवळसर चट्टे, टाचेमागच्या जाड शिरेवर गाठ, घरात कमी वयात गेलेलं कुणी, अशा खुणा शोधा आणि भावंडांची, मुलांची तपासणी करा. मुलांची लहानपणीच.

रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायच्या गोष्टी

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही आहे, आणि कुठलंच मशिन ती छापत नाही. रिपोर्ट उलटा करा आणि मागे आपल्या हातानं लिहा.

पहिल्यांदा बाळंतपणं लिहा. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, पायावर-चेहऱ्यावर सूज होती का, झटके आले होते का. साखर वाढली होती का. दिवस भरण्याआधी बाळंत झालात का. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि लघवीतून जाणारं प्रथिन, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, ज्यांना झाला त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका इतर बायकांच्या जवळपास दुप्पट असतो. बाळंतपण झालं, बीपी उतरलं, सगळे विसरून जातात. मावशीच्या थोरल्या मुलाच्या वेळी तिला आठव्या महिन्यात मिरजेला हलवावं लागलं होतं. घरात हा किस्सा शंभरदा सांगून झालाय, 'केवढं वादळ होतं त्या रात्री' म्हणून. पण तो तिच्या हृदयाचा इतिहास आहे, असं कुणाच्या मनात आलं नाही. चाळीस-पन्नास वर्षांनी बाईला कुणी विचारतही नाही. म्हणून आपणच सांगायचं.

मग पाळी. किती वयात गेली? आपोआप गेली की ऑपरेशननं? शेवटच्या पाळीच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षात एलडीएल झपाट्यानं वर चढतं. अमेरिकेत बायकांच्या रजोनिवृत्तीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. त्यामुळे ४५ व्या वर्षीचा चांगला रिपोर्ट ५२ व्या वर्षी चालत नाही, पाळी गेल्यावर नव्यानं तपासावं लागतं. चाळिशीच्या आत पाळी गेली असेल, तर हृदयाचं नैसर्गिक संरक्षण तेवढं लवकर जातं. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तरी तेच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये इतका पेटला की राज्य सरकारला समिती नेमावी लागली. तिशीत ऑपरेशन झालेल्या त्या बायकांच्या लिपिडकडे कोण बघतंय, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिचं ऑपरेशनचं कार्ड शोधा आणि अंडाशय ठेवलंय की काढलंय ते बघा. बायकांना स्वतःलाच ते माहीत नसतं.

पाळी गेल्यावर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या हृदय वाचवण्यासाठी म्हणून घेऊ नयेत. गरम वाफा, झोप न लागणं यांसाठी डॉक्टर त्या देतात, तो वेगळा विषय.

नंतर घराणं. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत, हृदयविकारानं आजारी पडली किंवा गेली का? "आजी झोपेतच गेली, फार पुण्यवान" असं आपण म्हणतो. आजीचं वय तेव्हा किती होतं, तेही विचारा.

आजार लिहा. मधुमेह असेल तर सगळ्यांत वर. मधुमेहानं हृदयविकाराचा धोका पुरुषांचाही वाढतो, पण बायकांचा त्याहून जास्त वाढतो, पाळी चालू असतानाचं संरक्षणही मधुमेह पुसून टाकतो. बीपी, थायरॉइड, पीसीओडी, संधिवात, ल्युपस, मूत्रपिंडाचा त्रास, यांतलं जे असेल ते.

तंबाखू लिहा. "मी कुठं तंबाखू खाते?" असं म्हणणारी बाई रोज सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावत असते. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. पोट साफ होतं, दात दुखत नाहीत, म्हणून लावतात, आणि दिवसातून तीन-चारदा लावतात. डॉक्टरांनी "सिगारेट? तंबाखू?" विचारलं की उत्तर 'नाही' असं येतं. कागदावर 'मिश्री, दिवसातून इतक्या वेळा' असं स्वच्छ लिहा. कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी लिहा.

शेवटी शिलाईच्या डब्यातली टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, कंबर मोजा. आपल्याकडच्या बाईसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा आहे. वजनकाटा ठीक दाखवत असला तरी टेप वेगळं सांगू शकते.

एवढं लिहून झालं की कागद उलटसुलट करून दोन्ही बाजू वाचा. पुढच्या बाजूचं १५३ आणि मागच्या बाजूचं 'आठव्या महिन्यात बीपी, चालू बीपी, पाळी ४७ ला गेली, कंबर ९१' हे एकत्र वाचलं असतं, तर मी मावशीला त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवलं असतं.

आणखी कोणत्या तपासण्या खरंच कामाच्या

कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की सगळ्यांत आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करा. थायरॉइड मंदावला की एलडीएल वाढतं, आणि हा आजार बायकांमध्येच जास्त. थायरॉइडची गोळी लागू पडली की कोलेस्टेरॉल कित्येकदा आपसूक उतरतं. ही साधी तपासणी न करता थेट कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झालेल्या बायका मी पाहिल्यात.

दुसरी, लायपोप्रोटीन-ए, आमच्या बोलण्यात एलपी-ए. एलडीएलसारखाच, कोलेस्टेरॉल वाहणारा हा एक कण. ही आयुष्यात एकदा करावी. आईवडिलांकडून येते, खाण्यापिण्यानं फारशी हलत नाही, आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर, किंवा १२५ नॅनोमोलच्या वर असेल तर धोका वाढतो. दोन मापांचा घोळ करू नका, रिपोर्टवर कोणतं लिहिलंय ते बघा. जगात साधारण पाचांतल्या एका माणसाची ती वाढलेली असते. ती कमी करायचा सोपा उपाय आज हाताशी नाही, तरी करून घ्यायची, कारण ती वाढलेली असेल तर बाकीचं सगळं जास्त कडक सांभाळायचं असतं.

तिसरी अपो-बी, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं एक प्रथिन. ऊस तोडणीच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्यानं ट्रॉल्या जातात. कडेच्या घराच्या कुंपणाला धक्का लागायची भीती एकूण किती टन ऊस गेला यावर नाही, किती ट्रॉल्या गेल्या यावर ठरते. एलडीएल आपल्याला ऊस मोजून देतं, अपो-बी ट्रॉल्या. धमनीत घुसू शकणाऱ्या प्रत्येक कणावर अपो-बीचा बरोबर एकच रेणू असतो, म्हणून ती थेट मोजणी ठरते. मधुमेह, पोटाचा घेर आणि जास्त ट्रायग्लिसराइड असलेल्या बायकांमध्ये ऊस कमी आणि ट्रॉल्या जास्त, असं असू शकतं. परवडत असेल तर करा. नसेल तर नॉन-एचडीएलवर पुष्कळ काम भागतं, आणि ते फुकट आहे.

हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ही शरीरातल्या दाहाची खूण. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ स्टडीत सुमारे २८ हजार निरोगी बायकांचं रक्त तपासलं आणि ३० वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. सुरुवातीलाच एकदा मोजलेल्या सीआरपी, एलडीएल आणि एलपी-ए या तिघांनीही पुढच्या तीस वर्षांचा धोका सांगितला, आणि सीआरपीनं तर सगळ्यांत ठळकपणे. सर्दी-ताप, दाढदुखी, सांधेदुखीचा जोर असताना मात्र ही तपासणी करू नये, वाढलेलीच येते.

याउलट, मोठमोठ्या 'हार्ट पॅकेज'मध्ये कोंबलेले वीस-पंचवीस आकडे नुसते घाबरवतात. वर सांगितलेलं पुरेसं आहे.

गोळीबद्दल

"एकदा चालू केली की आयुष्यभर." हे वाक्य मी रोज ऐकते. बीपीची गोळी, थायरॉइडची गोळी आपण आयुष्यभर घेतोच. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी, बायकांना लागू पडतं का, हा प्रश्न बरीच वर्षं रेंगाळला होता, कारण जुन्या प्रयोगांत बायका थोड्या होत्या. २०१५ मध्ये २७ प्रयोगांतल्या १ लाख ७४ हजार माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सारखाच धोका असलेल्या बायका आणि पुरुषांना सारखाच फायदा होतो असं दिसलं. एलडीएल ३९ नं उतरलं की अटॅक, पक्षाघात असे मोठे प्रसंग साधारण पाचांतला एक टळतो.

पाय दुखू लागले तर गोळी गुपचूप बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइब या कोलेस्टेरॉलच्या दुसऱ्या औषधाची जोड देता येते. साखर किंचित वाढू शकते, तेवढ्यासाठी सोडून देण्यासारखं ते औषध नाही. मूल हवं असेल, दिवस राहिले असतील किंवा बाळाला पाजत असाल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला, बहुतेक बायकांना तेव्हा स्टॅटिन थांबवायला सांगतात. लसूण-लिंबू-आल्याचा काढा पिऊन ब्लॉकेज उघडतात, असे निरोप फिरतात. त्यांच्या भरवशावर स्टेंटनंतरची औषधं बंद केलेल्या बाईचं पुढे काय झालं, ते इथे लिहवत नाही.

स्वयंपाकघरात

तेलाचं माप सोपं ठेवा: माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात पंधरा दिवसांत पाच लिटरचा डबा संपत असेल, तर बाकी कुठलीही चर्चा नंतर. करडई, शेंगदाणा यांतलं आलटून पालटून वापरा. डालडा घरात नको. कोकणात-गोव्यात ओलं खोबरं जेवणातच असतं, ते प्रमाणात राहू द्या, पण खोबरेल तेलातली बहुतेक सगळी चरबी संपृक्त असते आणि त्यानं एलडीएल वाढतं. बांगडा, तारली मात्र हक्कानं खा, तळून नको.

ट्रायग्लिसराइड वाढलेल्या बायका तूप सोडतात आणि चहा दिवसातून पाच वेळा, दोन चमचे साखरेचा, चालूच राहतो. ट्रायग्लिसराइड वाढतं ते साखर, मैदा, पांढरा भात आणि दारूमुळे. आठवड्याला दोन-तीन उपवास, आणि प्रत्येकाला साबुदाण्याची खिचडी, असं असेल तर उपवासाच्या दिवशीच सगळ्यांत जास्त पिष्ट पोटात जातं. उपवास मोडा असं मी म्हणत नाही. राजगिरा, ताक, फळ, मूठभर शेंगदाणे यांवर तो होतो.

एलडीएलसाठी रोज एक वाटी उसळ, जवसाची चटणी, रात्री पाण्यातून इसबगोल. इसबगोलानं एलडीएल पाच-सात टक्के उतरतं. आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसून उरलंसुरलं संपवायची सवय. ती आमच्या घरात मोडायला मला मावशीच्या आजाराचा धाक दाखवावा लागला.

लक्षण कसं ओळखायचं

बायकांमध्येही छातीत दुखणं, दडपणं हेच सगळ्यांत नेहमीचं लक्षण. पण जबडा, पाठ, खांदे, वरचं पोट दुखणं, मळमळ, घाम, दम लागणं, एकदम गळून जाणं हे बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि 'पित्त', 'टेन्शन', 'पाळी जातेय ना' या नावांखाली निघून जातं. जिना चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं भरून येणं पित्ताचं नसतं. असं काही दहा-पंधरा मिनिटं टिकलं तर १०८ ला फोन करा. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. दवाखान्यात गेल्यावर एकच वाक्य बोला, "आधी ईसीजी काढा." पहिला ईसीजी साधा आला आणि त्रास चालूच असेल, तर पुन्हा काढायला आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे रक्तात वाढतं) रक्ततपासणी करायला सांगा.

पुन्हा केव्हा

गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत लिपिड पुन्हा करायचं. आकडा जागेवर आला की वर्षातून एक-दोनदा. गोळी नाही आणि सगळं ठीक आहे, तर दर तीन-चार वर्षांनी, आणि पाळी गेल्यावर एकदा हमखास.

मावशीच्या रिपोर्टांची आता एक फाइल आहे, पेपराखाली नाही, टीव्हीशेजारी. शेवटचा रिपोर्ट: एकूण ११८, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड १२०, एलडीएल ४९. वजाबाकी तिनं स्वतः केली आणि ७३ वर गोल काढला. तिची एलपी-ए ८४ मिलिग्रॅम निघाली, म्हणून तिच्या मुलीचीही केली. ती ३१ वर्षांची, गरोदरपणात साखर वाढलेली. तिची ७९ आली. मावसबहिणीनं रिपोर्ट उलटा केला, आणि मावशीनं चष्मा लावून तिला मागे काय काय लिहायचं ते एकेक सांगितलं.